आतला कप्पा

एलेरी धावायची तेव्हा
ओतेपाच्या टेकड्या तिच्यामागे धापा टाकायच्या.
हिवाळ्यात स्की, उन्हाळ्यात चाकांच्या स्की,
आणि मधल्या चिखलात
कमरेला टायर बांधून चढण.
चौदा महिने तिची पाळी आली नाही.
प्रशिक्षक तार्वो म्हणाला, उत्तमच,
कटकट गेली, हलकी झालीस.
तिनेही ते पदकासारखं गळ्यात घातलं.

मी थोरली. पोस्टात खिडकीमागे बसणारी.
माझी पाळी म्हणजे आमच्या गावची बस:
वेळापत्रक आहे, बस नाही.
कधी ऐंशी दिवसांनी, कधी शंभर,
आणि आली की मुक्कामालाच.
हनुवटीवरचे केस रोज सकाळी चिमट्याने उपटायचे.
रविवारी आईकडे जेवताना
एकीला, खा गं थोडं.
दुसरीला, पुरे आता.
आई वळली की तिचे बटाटे माझ्या ताटात.

मग फेब्रुवारीत तिच्या नडगीचं हाड तडकलं.
पडली नाही, आपटली नाही,
नुसती चालत होती, मासळीच्या दुकानासमोरून.

तार्तूच्या दवाखान्यात डॉक्टर रेबाने
पडदा आमच्याकडे वळवून बोलल्या.
एलेरीच्या अंडाशयात निजानीज.
"अंडाशय धड आहेत," त्या म्हणाल्या,
"पण घरात पीठ नसलं की
आधी पाहुण्यांचं आमंत्रण रद्द होतं.
तू सगळं पायांना दिलंस.
उरल्यासुरल्यात शरीराने हृदय चालवलं,
आणि मेंदूने खाली निरोप धाडणं बंद केलं."

मी नुसती सोबतीला आलेली. मलाही झोपवलं त्या टेबलावर.
माझ्या पडद्यावर गर्दी:
बारीक काळे मणी, कडेकडेने ओवलेले,
रांगेत उभे, एकही पुढे सरकेना.
पोस्टाची खिडकी, मी म्हणाले.
डॉक्टर हसल्या नाहीत. लिहीत होत्या.
एकीला: धावणं बंद. लोणी. झोप.
दुसरीला: चाल. रोज. घाम येईल इतकी.
मी विचारलं, मग मूल होईल?
त्या म्हणाल्या, शक्यता वाढते.
त्यापुढचं मी कागदावर लिहून देत नाही.

हाड सांधल्यावर आम्ही दोघी
दलदलीवरच्या फळ्यांच्या वाटेने.
तिला तो वेग म्हणजे शिक्षा, मला शर्यत.
ती पुढे जाऊन थांबायची, पाण्यात काटक्या फेकत,
मी तोंडाने श्वास घेत पोचायची,
तोवर तिला थंडी वाजलेली.
पहिले काही आठवडे नुसत्या भांडलो.
"तुला काय कळणार" हे दोघींचंही वाक्य.

एप्रिलच्या शेवटी बर्फाखालून
गेल्या सालच्या क्रॅनबेरी निघाल्या,
थंडीने मऊ पडलेल्या, अर्ध्या गोड.
ती बसून खात राहिली. मूठभर. मग अजून मूठभर.
मी मोजलं नाही.
तिनेही मोजलं नाही,
आणि हे आधी कधी झालं नव्हतं.

जुलैत,
डासांनी जीव नको केलेला,
कठड्यावर एक राखी कावळा बसलेला,
ती मागे राहिली.
ती. मागे.
वळून बघते तर फळीवर उकिडवी,
चेहरा असा, की जणू अनोळखी माणसाने
भर रस्त्यात नावाने हाक मारली.
"मारिका, आहे का गं तुझ्याकडे?"

माझ्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात
पॅड असतंच. सतरा वर्षं.
ज्या बसचा भरवसा नाही
तिच्यासाठी सुटे पैसे खिशात ठेवावेच लागतात.
वेष्टनाच्या कडा मळलेल्या, पण आत कोरं.
दिलं.
ती बर्चच्या झाडांआड गेली.
कावळा उडाला नाही.

परतताना ती माझ्या मागून चालली,
माझ्याच वेगाने,
की माझा वेग तेवढा झाला होता, ठाऊक नाही.
माझं म्हणाल, तर बावन्नावा दिवस होता तो.
घरी येऊन कप्प्यात एक नवं ठेवलं.
मग जरा थांबून, आणखी एक.